पृथ्वीचे पांघरूण व त्यात पडलेली भर

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, चारठाणा, जिल्हा परभणी)

पौष महिन्यात आपल्या जिल्ह्यात थंडीचा कडाका पडला म्हणजे एक प्रश्न हटकून कानी येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील वेधशाळेचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याची वार्ता येते, हरभऱ्याच्या फुलोऱ्याची चिंता लागते, आणि कोणी तरी थट्टेने म्हणतो, "जग तापत चालले आहे म्हणतात, ते हेच काय ?" प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. शिवाय त्याचे उत्तर त्या थंडीतच दडलेले असल्यामुळे, ह्या विषयाची चर्चा तेथूनच आरंभिणे सोयीचे होईल.

कडाक्याची थंडी कोणत्या रात्री पडते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली म्हणजे पहाटे अंग काकडते. त्याच पौषात एखाद्या संध्याकाळी ढग दाटून आले, तर त्या रात्री वाकळ अंगावरून काढावी लागते. आषाढात तर दिवस व रात्र ह्यांच्या उष्णमानात फारसे अंतरच राहत नाही. वस्तुतः सूर्य ह्यांपैकी कोणत्याही रात्री आकाशात नसतो. मग फरक पडतो तो कशाने ? तो पडतो डोक्यावरील हवेत असलेल्या बाष्पाने व ढगांनी.

दिवसा सूर्याचे किरण हवेतून बहुतेक अडथळ्यावाचून खाली येतात आणि जमीन तापवितात. तापलेली वस्तू उष्णता आपल्याजवळ ठेवून घेत नाही, ती डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने बाहेर टाकीत असते. चुलीवरून उतरून बाजूस ठेवलेल्या तव्याजवळ हात नेला असता तो न शिवताही ऊब लागते, ती ह्याच किरणांची. काळी जमीनदेखील रात्रभर अशीच उष्णता आकाशाकडे परत करीत असते. हवा कोरडी असली तर त्यातील बराच वाटा थेट वर निघून जातो व पहाटेपर्यंत जमीन निवते. हवेत बाष्प वा ढग असले तर ते हे अदृश्य किरण शोषून घेतात आणि त्यांपैकी काही भाग पुन्हा खाली पाठवितात. घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ती अंगाची उष्णता निसटू देत नाही, तसाच हा प्रकार होय.

हे पांघरूण सबंध पृथ्वीवर आहे आणि ते निसर्गाने घातलेले आहे. ते नसते तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी उष्णमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस राहिले असते. प्रत्यक्षात ते शून्याच्या वर १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ३३ अंशांची ऊब आपणांस ह्या पांघरुणापासून मिळते. ती नसती तर नद्या गोठल्या असत्या, आणि मग ज्वारी कोठली नि कापूस कोठला ! तेव्हा हा परिणाम मुळात अनिष्ट नाही, हे प्रथम ध्यानात ठेविले पाहिजे. वर्तमानपत्रांतून त्याचा उल्लेख नेहमी संकट म्हणूनच येत असल्यामुळे पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो.

ह्या परिणामास 'हरितगृह परिणाम' असे नाव पडले आहे. हल्ली आपल्याकडेही काही बागाईतदारांनी भाजीपाल्याकरिता व रोपांकरिता पारदर्शक कागदाची गृहे उभारली आहेत, त्यामुळे हे नाव अपरिचित राहिलेले नाही. परंतु नाव तितकेसे अचूक नव्हे. अशा गृहात ऊब राहते ती मुख्यत्वे आतील तापलेली हवा बाहेरच्या गार हवेत मिसळत नाही म्हणून. वुड नामक अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९०९ साली दोन पेट्या घेऊन एकीस काचेचे व दुसरीस पारदर्शक सैंधवाचे झाकण बसविले. सैंधवातून उष्णतेचे किरण सुखाने पार जातात, काचेतून जात नाहीत. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. असो. नाव रूढ झाले आहे, पण वातावरणाचे काम निराळ्या रीतीने चालते एवढे समजले म्हणजे पुरे.

आता हे पांघरूण कोणत्या धाग्यांनी विणलेले आहे ते पाहू. हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायू व २१ भाग प्राणवायू असतो. हे दोन्ही वायू उष्णतेच्या किरणांस आडकाठी करीत नाहीत. आडकाठी करतात ती पाण्याची वाफ, कर्बाम्ल वायू (ज्यास आता सर्वत्र कार्बन डायऑक्साइड म्हणतात), मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि असेच आणखी काही अल्प प्रमाणात असलेले वायू. ही गोष्ट काल-परवा कोणा परिषदेत ठरलेली नाही, तिचा शोध १८५७ च्या बंडाच्याही आधीचा आहे. अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी १८५६ साली काचेची दोन नळकांडी घेतली, त्यांत उष्णतामापके बसविली, निरनिराळे वायू भरले आणि ती उन्हात ठेविली. साध्या हवेचा पारा १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, कर्बाम्ल वायूचा १२५ पर्यंत. शिवाय ते नळकांडे उन्हातून काढल्यावर निवण्यासही कितीतरी अधिक वेळ लागला. ह्यावरून बाईंनी असा तर्क केला की, पूर्वी कधी काळी हवेत हा वायू अधिक असेल, तर पृथ्वीही अधिक उष्ण असली पाहिजे. विद्वानांच्या सभेत त्यांचा हा निबंध दुसऱ्या एका गृहस्थांनी वाचून दाखविला, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्या निबंधाची कोणास आठवणही राहिली नाही. इतक्या साध्या सामग्रीतून एवढी मोठी गोष्ट हाती लागावी, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

तीनच वर्षांनी, १८५९ साली, लंडनमध्ये जॉन टिंडॉल ह्यांनी हाच विषय अधिक बारकाईने तपासला. पितळेची लांब नळी घेऊन तिची दोन्ही तोंडे त्यांनी सैंधवाच्या चकत्यांनी बंद केली, कारण काच लाविली असती तर तिनेच उष्णतेचे किरण अडविले असते. मग नळीच्या एका टोकाशी उष्णता व दुसऱ्या टोकाशी ती मोजणारा काटा ठेवून, आत एकेक वायू सोडून पाहिला. नत्र व प्राणवायू ह्यांनी काटा हालला नाही म्हटले तरी चालेल. वाफेने व कर्बाम्ल वायूने तो चांगलाच हालला. पुढे १८९६ साली स्वीडनमधील स्वांते अर्हेनियस ह्यांनी हवेतील कर्बाम्ल वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, ह्याचे गणित हाताने मांडले. उत्तर पाच ते सहा अंश आले. आजचे शास्त्रज्ञ ते सुमारे तीन अंश धरतात. विशेष हे की, अर्हेनियस ह्यांना ही ऊब इष्टच वाटत होती. थंडीने गारठलेल्या स्वीडनच्या माणसास तसे वाटणे साहजिक आहे. जिंतूर तालुक्यात वैशाखाचा एक महिना त्यांनी काढला असता, तर त्यांचे मत काय झाले असते कोण जाणे.

येथवर निसर्गाचे पांघरूण झाले. आता त्यात मनुष्याने घातलेली भर पाहावयाची. लेखकाची सारी हयात जमाखर्चाच्या व नोंदींच्या दप्तरात गेली असल्यामुळे, ही बाजूही हिशेबाच्या रीतीनेच मांडणे त्यास जमेल.

दगडी कोळसा व खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पतींनी व सूक्ष्म जीवांनी हवेतून घेतलेला कर्ब होय. तो जमिनीच्या पोटात ठेव म्हणून पडून होता. तो जाळला म्हणजे कर्बाच्या प्रत्येक १२ भागांस प्राणवायूचे ३२ भाग जडतात आणि ४४ भाग कर्बाम्ल वायू तयार होतो. म्हणून जाळलेल्या वस्तूपेक्षा निघालेला वायू वजनाने अधिक भरतो. ही गोष्ट प्रथम ऐकणारास खोटी वाटते, पण जादा वजन हवेतील प्राणवायूचे असते. एक लिटर डिझेलचे वजन किलोपेक्षा कमी असते, परंतु ते ट्रॅक्टरात जळून सुमारे २.७ किलो कर्बाम्ल वायू देते. कोळशापासून केलेल्या विजेच्या एका युनिटामागे अदमासे एक किलो वायू निघतो. विहिरीवरील पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे चार युनिटे घेतो. आठ तास तो चालविला तर दूर कोठे तरी धुराड्यातून तीस किलो वायू हवेत गेला असे समजावे. पंपाच्या मालकास त्याचा मागमूसही लागत नाही.

अशा नोंदींची जगभराची बेरीज केली तर आजकाल वर्षास सुमारे ३,७०० कोटी टन भरते. त्यातील निम्म्याच्या आसपास समुद्र व वनस्पती शोषून घेतात, बाकी हवेत शिल्लक राहते, आणि ही शिल्लक साल अखेरीस मिटत नाही, पुढील सालात ओढली जाते. एकदा वर गेलेल्या वायूचा मोठा वाटा शेकडो वर्षे तेथेच असतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग ह्यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या घरात होते. २०२४ साली ते ४२४ च्या सुमारास गेले. दक्षिण ध्रुवाकडील बर्फात अडकलेल्या प्राचीन हवेचे बुडबुडे तपासून पाहता, गेल्या आठ लक्ष वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा पलीकडे कधी गेला नव्हता.

येथे एक आक्षेप नेहमी निघतो. दहा लक्षांत चारशे-सव्वाचारशे भाग म्हणजे शेकडा एकाचा जेमतेम पंचविसावा हिस्सा, एवढ्याशाने काय होणार ? ह्यास उत्तर घरातच आहे. बादलीभर पाण्यात निळीची चिमूट टाकली तर सारे पाणी निळे दिसते, कारण पाणी स्वतः रंगहीन असून रंग देण्याचे काम ती चिमूटच करते. हवेतील नत्र व प्राणवायू उष्णतेच्या किरणांपुरते रंगहीन पाण्यासारखे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सूर्यच अधिक तापला नसेल कशावरून ? कोणत्याही चौकशीत नुसते नुकसान दाखवून भागत नाही, ते कोणामुळे झाले हेही सिद्ध करावे लागते. येथे तशी खूण सापडते. सूर्य अधिक तापला असता तर हवेचे वरचे थरही तापले असते, पण मोजणीत खालची हवा तापत असून फार उंचावरील थर उलट थंड होत चाललेले आढळतात. पांघरुणाखाली ऊब व पांघरुणावर गारठा, असाच हा देखावा आहे. जगात बहुतेक ठिकाणी दिवसांपेक्षा रात्री अधिक उष्ण होत आल्या, हीही तीच खूण. शिवाय हवेतील कर्ब कोठून आला हेही ओळखता येते. सजीव वनस्पतीतील कर्बात किरणोत्सारी कर्बाचा सूक्ष्म अंश असतो. कोळसा व तेल इतके जुने की त्यांतील तो अंश केव्हाच संपून गेलेला. हवेतील कर्बात हा अंश पातळ होत चालल्याचे हान्स झ्यूस ह्यांनी १९५५ साली दाखविले. जुन्या ठेवीतील नाणे बाजारात खपू लागल्याचाच तो पुरावा होता.

आता परिणामांकडे वळू. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साल हे १८५० ते १९०० ह्या काळातील सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. भारताचे सरासरी उष्णमान १९०१ ते २०१८ ह्या अवधीत अदमासे ०.७ अंशाने वाढल्याचे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. एवढ्यावरून आरंभीच्या थट्टेचेही उत्तर मिळते. पाऊण अंशाची सरासरी वाढ पौषातील एखाद्या निरभ्र रात्रीची थंडी नाहीशी करीत नाही. एखाद्या रात्रीचा पारा हा एका दिवसाचा जमाखर्च होय, सरासरी ही अनेक वर्षांच्या खातेवहीची बाकी होय.

आपल्या शेतीस मात्र सरासरी उष्णमानापेक्षा पावसाची रीत अधिक जाचक झाली आहे. हवा एक अंशाने तापली तर ती शेकडा सातच्या सुमारास अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे आभाळाची मोट मोठी झाली. ती भरण्यास वेळ अधिक लागतो, आणि रिती होते तेव्हा एकदम होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढले.

महसुली दप्तरात ह्याचा अर्थ काय होतो, तो सांगितला पाहिजे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे ती अतिवृष्टी धरतात. ६५ मिलिमीटर हा आकडा कागदावर लहान दिसतो. एका एकरावर तेवढे पाणी म्हणजे दोन लक्ष त्रेसष्ट हजार लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. हे पाणी चार तासांत आले तर काळ्या जमिनीत किती मुरेल आणि बांध फोडून माती घेऊन ओढ्याला किती जाईल, ह्याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या शेतापुरता करावा. आता समजा, एका साली ८०० मिलिमीटर पाऊस पन्नास दिवसांत पडला आणि दुसऱ्या साली तेवढाच वीस दिवसांत पडून मध्ये पंचवीस दिवसांचा खंड गेला. तक्त्याच्या अखेरच्या रकान्यात दोन्ही सालांस '१०० टक्के' असेच लिहिले जाईल. पहिल्या सालाचे सोयाबीन भरले असेल. दुसऱ्या सालचे फुलोऱ्यात करपले असेल, नाही तर काढणीच्या वेळी भिजून शेंगेतच त्यास कोंब फुटले असतील. तक्त्यातील टक्केवारी पाहून 'साल चांगले गेले' म्हणणारे अधिकारी पुष्कळ पाहिले. पैसेवारी पन्नासच्या खाली आली म्हणजे मग विचारणा सुरू होते.

गेल्या काही सालांचा अनुभव वाचकांच्या डोळ्यांपुढे आहेच. २०१२ चे अवर्षण, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, लागोपाठ २०१४ व २०१५ ही दोन कोरडी साले, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास रेल्वेने न्यावे लागलेले पाणी, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याच्या खरिपावरून फिरलेला महापूर. २०१३ च्या फेब्रुवारीत व पुन्हा २०१५ साली परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. जेथे कोळसा जळून वायू निघतो तेच धुराडे दुष्काळाने थंड पडावे, ह्यास काय म्हणावे !

तथापि प्रत्येक दुष्काळाचे खापर ह्या वायूवर फोडणे न्यायाचे होणार नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ साली सुरू झाला, तेव्हा कोळशाचे धुराडे कोठे होते ? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती पिढी अद्याप हयात आहे. प्रशांत महासागराचे पाणी मधूनमधून तापते, ज्यास एल निनो म्हणतात, त्या सालांत आपला पाऊस बहुधा हात आखडतो. १९७२, २०१५ व २०२३ ही तशीच साले होती. मराठवाड्याचा प्रदेश मुळातच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. चारठाण्याच्या जुन्या देवळांबरोबर ज्यांनी बारवाही बांधून ठेविल्या, त्यांना ह्या आभाळाचा भरवसा किती धरावा ते ठाऊक असलेच पाहिजे. लहरी पाऊस आपल्या पाचवीस पुजलेला आहे. वाढलेल्या उबेने त्या लहरीस धार आणिली, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते, आणि तेवढेही थोडे नाही.

कर्बाम्ल वायू हे वनस्पतीचे अन्न आहे, मग तो वाढला तर पीक वाढेल, असेही काही सुशिक्षित लोक म्हणतात. हे अर्धे खरे आहे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा व गहू ह्यांना त्याचा काही लाभ होतो. ज्वारी, मका व ऊस ह्यांची अन्न तयार करण्याची रीत निराळी असल्यामुळे त्यांना फारसा होत नाही. परंतु ज्या रात्री उबदार राहतात त्या रात्री पीक दिवसाची कमाई श्वासोच्छ्वासात अधिक खर्च करते, आणि गव्हाचा दाणा भरण्याचा काळ उष्णतेने आखडतो. शिवाय अधिक कर्बाम्ल वायूत वाढलेल्या गव्हात लोह, जस्त व प्रथिने कमी भरतात असे प्रयोगांत आढळले आहे. परभणीच्या विद्यापीठाने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण प्रसारित केला, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीनेही पाहावे. ज्वारी सोडून आपण सगळेच सोयाबीनच्या मागे लागलो, हे शहाणपणाचे झाले काय, ह्याचा सोसायटीच्या सभासदांनी एकदा विचार केला पाहिजे.

देणे कोणाचे आणि भरणार कोण, हा प्रश्न आता येतो. इंधन जाळून आजवर जेवढा कर्बाम्ल वायू हवेत गेला, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेच्या खात्यावर आहे. लोकसंख्येने सर्वांत मोठ्या आपल्या देशाच्या खात्यावर शेकडा तीन-चार. आजही तेथील माणूस वर्षाला सुमारे चौदा टन वायू सोडतो, आपला दोन टन, आणि त्या दोन टनांत मुंबईच्या बंगल्यातील व वाडीवस्तीवरील माणूस एकाच सरासरीत मोजला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा त्याहून कितीतरी कमी असणार. म्हणजे ज्याने घेतले त्याच्याकडे थकबाकी आणि जप्ती मात्र जामिनावर, असा हा मामला आहे. १९९२ पासून राष्ट्रांच्या परिषदा भरत आहेत, २०१५ साली पॅरिसचा करार झाला. वसुलीची गती पाहता आमच्या नोकरीतील जुन्या थकबाकीदारांची आठवण होते.

पण म्हणून आपले खाते अगदीच कोरे आहे असे नव्हे. वार्षिक वायूत आज भारताचा क्रम तिसरा लागतो. शेतीपुरते बोलावयाचे तर रवंथ करणाऱ्या जनावरांपासून व पाणी साठविलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो. जरूरीपेक्षा अधिक टाकलेल्या युरियापासून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो वजनास वजन धरता कर्बाम्ल वायूच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवितो. ह्या युरियाचे पैसे मोजलेले असतात व तो पिकासही लागलेला नसतो, म्हणजे दुहेरी नुकसान. आणि पऱ्हाट्या, तुराट्या व उसाचे पाचट बांधावर पेटवून देण्याची रीत तर सर्वथा टाकाऊ आहे. मराठवाड्याच्या कित्येक जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास येऊन ठेपला आहे. तो जमिनीतच राहिला तर पाणी धरतो व खंडाच्या दिवसांत पीक जगवितो, जाळला तर पांघरुणात भर घालतो. तोच कर्ब, जागा तेवढी निराळी.

उपायांची यादी देण्याचा हा लेख नव्हे, विद्यापीठाची व कृषी खात्याची पत्रके त्यासाठी आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, सोयाबीन रुंद वरंब्यावर सरी पाडून घ्यावे म्हणजे खंडात ओल राहते व अतिवृष्टीत पाणी निघून जाते, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक ठेवावे, ह्या गोष्टी बहुतेकांस ठाऊक आहेत. एकच सूचना मात्र आग्रहाने करावीशी वाटते, कारण ती इतर कोणी करीत नाही.

२०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, ही चांगली सोय झाली. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात, आणि पाऊस मंडळाची शीव ओळखत नाही. ओढ्याच्या अलीकडे वावर चिबडले व पलीकडे धूळ उडाली, हे दरसाल घडते. केंद्र जेथे आहे तेथे ४० मिलिमीटर नोंदला गेला आणि चार कोसांवरच्या गावात ९० पडला, तर त्या गावाची अतिवृष्टी दप्तरी होतच नाही. त्यावेळी पंचनाम्यापुढे गावाने तोंडी सांगितलेले कोण ऐकणार ? जसजसा पाऊस अधिक तुटक व अधिक जोराचा होत जाईल, तसतशी ही तफावत वाढत जाणार. खाजगी वहीस सरकारी नोंदीचे मोल येत नाही हे कबूल, परंतु दहा वर्षांची तारीखवार वही पुढे ठेविली असता अर्जास वजन येते, हे लेखक नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो. ह्यास्तव सोसायटीने प्रत्येक गावी एक पर्जन्यमापक व एक वही ठेवावी.

पर्जन्यमापक विकत घेणे न जमल्यास सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालेल. डबा रुंद असो वा अरुंद, आत साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरांत मोजली की तोच पाऊस. डबा उघड्यावर ठेवावा, जवळच्या झाडापासून वा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, आणि तोंड समपातळीत असावे. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून डबा रिता करावा व आकडा त्याच दिवसाच्या तारखेस लिहावा, कारण सरकारी वेधशाळांची रीत तीच आहे. जवळच सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर, किमान उष्णमान दाखविणारे मापक टांगता आले तर रात्रींचाही हिशेब राहील. शेऱ्याच्या रकान्यात पिकाची अवस्था एका ओळीत असावी, जसे, 'सोयाबीन फुलोऱ्यात, खंडाचा बाविसावा दिवस.' ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना कोरा ठेवू नये. कोरा रकाना पाहून पाऊस पडला नव्हता की मोजणारा आला नव्हता, हे कोणासही सांगता येत नाही.